वस्तीची गाडी

वस्तीची गाडी म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली ती लग्न होऊन डोंबिवलीत आल्यावर. शेजारच्या वहिनी जन्मापासून गिरगावातल्या. त्यांना वाटलं, एखाद्या वस्तीकडे जाणारी बस असेल. म्हटलं, नाही हो, रात्री गावात वस्तीला राहणारी एसटी. संध्याकाळी तालुक्याहून येते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच जेवतात, तिथेच पथारी टाकतात आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी घेऊन सुटते. वहिनी म्हणाल्या, "अगंबाई! मग त्यांच्या घरचे वाट नाही बघत त्यांची?"

हा प्रश्न मला गावात वाढताना एकदाही पडला नव्हता. गाडी आमच्या गावची, म्हणजे ड्रायव्हर-कंडक्टरही आमचेच, असा आमचा सरळ हिशोब होता.

गाव संगमेश्वर तालुक्यातलं. फाट्यापासून नऊ किलोमीटर आत. एक घाटी चढायची, सडा म्हणजे वरचं कातळाचं पठार ओलांडायचं आणि पुन्हा खाली उतरायचं. नाव सांगत नाही, सांगून फारसं कुणाला कळणारही नाही. कोकणातल्या बहुतेक गावांसारखं तेही एका जागी नाही. पाच वाड्या, मध्ये शेतं, एक पऱ्या म्हणजे ओढा आणि त्याच्यावरचा साकव, म्हणजे लहानसा पूल. एका वाडीतून हाक मारली की दुसरीत ऐकू जाते, पण चालत जायला वीस मिनिटं लागतात. पाचही वाड्यांना सामाईक अशा दोनच गोष्टी होत्या, ग्रामदेवतेचं देऊळ आणि गाडी. दोघींची जागाही एकच. देवळाच्या खालच्या अंगाला जी मोकळी जागा आहे तिथे सहाण, म्हणजे पालखी बसवायचा चौथरा, आणि सहाणेला वळसा घालून गाडी फिरायची. शिमग्यात पालखी सहाणेवर बसली की तेवढे दिवस गाडी अलीकडे शाळेपाशीच थांबे. ड्रायव्हरही खाली उतरून आधी पालखीला नमस्कार करी आणि मग बिडी पेटवी.

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास खिंडीत हॉर्न वाजायचा. तो गावासाठी होता की वळणासाठी, देव जाणे, पण त्यावर गावाचं घड्याळ लागलेलं होतं. हॉर्न झाला की आजी भाताखालचा जाळ कमी करायची. पुढची पाच-सात मिनिटं दिवे झाडांमधून दिसत, लपत, पुन्हा दिसत खाली यायचे. आम्ही पोरं सहाणेवर जाऊन उभी. गाडीतून माणसं उतरत, पण माणसांपेक्षा त्यांच्याबरोबर येणाऱ्या वस्तू जास्त असत. कुणाची औषधाची पुडी, कल्हई होऊन आलेली भांडी, सकाळचा पेपर, पिठाचा डबा, मुंबईहून कुणाच्या तरी हाती धाडलेली चादर. कुणी गेल्याची बातमीही गाडीनेच यायची. कंडक्टर उतरल्याबरोबर न बोलता एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. ते मी दोनदा पाहिलंय.

ड्रायव्हर-कंडक्टरच्या जेवणाची पाळी लावलेली असे, घराघराने. कुळथाची पिठी, भात, तांदळाची भाकरी, असली तर सुकट. एक कंडक्टर घाटावरचा होता. पहिले दोन दिवस मुकाट्याने जेवला आणि तिसऱ्या दिवशी आजीला म्हणाला, "आजी, तुमच्यात भात सोडून दुसरं काही पिकतच नाही का?" आजीने पुढच्या पाळीला कुठून कोण जाणे, ज्वारीचं पीठ पैदा केलं. भाकरी तिला थापता येईना, ती तुकड्यातुकड्यांनी ताटात आली. तो माणूस ती खाताना काही बोलला नाही. बदली होऊन गेला तेव्हा मात्र न विसरता पाया पडायला आला होता.

मी शिकले ती या गाडीमुळे. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढचं हायस्कूल तालुक्याच्या रस्त्यावर, सकाळच्या सत्राचं. सहाला गाडी सुटायची. दहा दिवसांचे पैसे भरले की महिनाभराचा पास मिळायचा, आणि तो पास प्लॅस्टिकमध्ये घालून गळ्यात बांधलेला. आमच्या वर्गात आमच्या गावच्या सातजणी होतो. आठवीच्या पावसाळ्यात साकव वाहून गेला आणि गणपतीपर्यंत गाडी फाट्यावरूनच परत फिरत राहिली. नऊ किलोमीटर जायचं, नऊ यायचं. साकव पुन्हा झाला तेव्हा सातातल्या चौघीच गाडीत चढल्या. बाकीच्या तिघींना कुणी शाळा सोडायला लावली नव्हती. त्या दोन महिन्यांत त्यांच्या घरी त्यांची सवय झाली, इतकंच.

शिक्षणाची आकडेवारी वाचताना मला नेहमी तो साकव आठवतो. मुली का गळतात याची मोठमोठी कारणं दिली जातात आणि ती खोटी नसतात. पण पुष्कळदा दोन महिने गाडी आलेली नसते.

आमचं गाव हे गावात जेमतेम अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मुंबईत, लालबाग-परळच्या गावकीच्या खोलीत. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस बाप्ये, पाळीपाळीने झोपणारे, कारण गिरणीतही पाळ्या. माझे आजोबा जयगडहून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले होते, काका एसटीने गेले. गावात उरल्या बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया निघाल्या, राज्यात सगळ्यांत जास्त. एका व्याख्यानात हा आकडा अभिमानाने सांगितलेला मी ऐकलाय, कोकणात स्त्रीला किती मान वगैरे. मला हसू आलं. बाकीचे पुरुष कुठे होते ते मला माहीत होतं, ते खोलीवर होते.

गाडीसाठी भांडायचं तेव्हाही मुंबईच भांडायची. 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई' असं छापलेल्या कागदावर निवेदनं जात. गाडी उशिरा येते, गाडी वस्तीला राहावी, दुपारची फेरी वाढवावी. निवेदन लिहिणारे वर्षातून दोनदा गाडीत बसणारे, पण त्यांची आई रोज बसणारी. त्या निवेदनांत जोर होता, कारण त्या वेळी मुंबईतल्या खोलीत गाव जिवंत होतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि संप मिटला असं कुणी कधी जाहीरच केलं नाही. काही जण गावी परतले, चार-सहा महिने गाडी भरून वाहिली. मग तेही पुन्हा गेले, पण परळला नाही. नालासोपारा, विरार, दिवा, बदलापूर. गावकीची खोली विकली गेली, वाटे झाले. माझ्या मते गावातली माणसं कमी होण्याची सुरुवात गावात झालीच नाही, ती त्या खोलीत झाली. खोली होती तोवर माणूस एकटा जायचा आणि कुटुंब गावी ठेवायचा. दिव्याला वन रूम किचन घेतल्यावर बायको-पोरांना न्यावंच लागतं.

माझं हे म्हणणं भाबडं वाटेल म्हणून आकडे बघते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. या दहा वर्षांत राज्यातल्या फक्त तीन जिल्ह्यांची घटली. रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आला, म्हणजे ८१,७०८ माणसं कमी. दुसरा सिंधुदुर्ग. तिसरा मुंबई शहर! साडेसात टक्क्यांहून जास्त घट झाली ती तिथे. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. आमची लाल मातीची वाडी आणि आमची परळची खोली एकाच वेळी रिकामी झाली आणि दोघींची माणसं एकाच लोकलच्या मार्गावर जाऊन राहिली. त्यांतली एक मी.

जिल्हा जनगणना पुस्तिका नावाचा एक जाडजूड प्रकार असतो. त्यात प्रत्येक गावाची एक ओळ. क्षेत्रफळ, घरं, माणसं, मग शाळा, दवाखाना, टपाल, बँक, बस, रेल्वे. सोय गावात असली तर 'आहे'. नसली तर ती किती लांब आहे त्यासाठी एक अक्षर. पाच किलोमीटरच्या आत असेल तर 'ए', पाच ते दहा असेल तर 'बी', दहाच्या पुढे 'सी'. 'सी'ला वरची मर्यादा नाही. अकरा किलोमीटर म्हणजेही 'सी' आणि चाळीस म्हणजेही 'सी'. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात 'ए'चा 'सी' व्हायला एक रात्र पुरते. ही पुस्तिका मी एकदा रात्रभर वाचत बसले होते. आपलं गाव असं अक्षराअक्षरांत मांडलेलं बघताना बरं वाटतं, का ते सांगता येणार नाही. आमच्या ओळीत रेल्वेला 'सी', बँकेला 'बी', आणि बसच्या रकान्यात 'आहे'.

ती माणसं मोजली गेली ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या दिवसांत आणि हिशोब धरला १ मार्चच्या मध्यरात्रीचा. त्या वर्षी होळी १९ मार्चला होती. म्हणजे आमचं गाव वर्षात सगळ्यांत रिकामं असतं तेव्हा मोजलं गेलं आणि तीन आठवड्यांनी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. यात चूक काही नाही. माणूस जिथे राहतो तिथेच मोजायचा असतो, आणि चाकरमानी दिव्याला राहतो. तरीही पालखी खांद्यावर घेऊन नाचणारे शंभर-सव्वाशे जण बघितले की वाटतं, हे कुठल्या रकान्यात बसतील? दिव्याच्या ओळीत त्यांची संख्या आहे, इथे त्यांची सहाण आहे.

२०२१ ची जनगणना कोरोनामुळे झाली नाही. आता हिशोब धरला जाणार तो १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीचा. पुन्हा शिमग्याच्या आधीच! मधल्या सोळा वर्षांत सरकारदरबारी आमची संख्या २०११ चीच. रस्तेही तिच्यावरच ठरतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, तिचा नियम असा की सपाटीच्या भागात पाचशे लोकांच्या वस्तीला बारमाही रस्ता. डोंगराळ राज्यं, वाळवंट, आदिवासी भाग यांना अडीचशे. कोकण डोंगरात असलं तरी नियमात ते डोंगराळ नाही. आमच्या सगळ्यांत वरच्या वाडीत बावीस घरं. ती शेजारच्या वाडीत धरून मोजली तरी आकडा पाचशेच्या जवळपास जात नाही. २०२४ मध्ये या योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला, तोही २०११ च्याच लोकसंख्येवर. बावीसपैकी आता नऊ घरांचे दरवाजे उघडे असतात. कागदावर बावीसही भरलेली आहेत आणि तरीही ती कमीच पडतात.

गाडी बंद कशी झाली हे मला बरेच जण विचारतात आणि त्यांना कुणीतरी दोषी हवा असतो. तसा कुणी सापडत नाही. एसटीत भारमान नावाचा शब्द आहे. गाडीतल्या आसनांपैकी किती भरली त्याचं प्रमाण. आमच्या वस्तीच्या गाडीचं भारमान आम्हीच उतरवलं. आधी माझ्या चुलतभावाने मोटरसायकल घेतली. त्याच्यामागे आणखी आठ-दहा. मग वडाप सुरू झालं, हात दाखवला की थांबणारं, सामान दारात उतरवणारं. मग मंडळाचे लोक सुट्टीत आपापल्या चारचाक्या घेऊन येऊ लागले. एकेक आसन आम्ही असं आपल्या सोयीने रिकामं केलं आणि शेवटी गाडीत कोण उरलं? ज्यांना मोटरसायकल चालवता येत नाही ते: दोन-तीन म्हाताऱ्या, हायस्कूलच्या चार पोरी, पेपरचा गठ्ठा. सहा-सात माणसांसाठी एक गाडी, एक ड्रायव्हर, एक कंडक्टर, रात्रभर. डिझेलचा भाव बघता हा हिशोब मांडायला आगारातला कारकून लागत नाही, माझ्या मुलीनेही तो तोंडी केला असता.

१ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी निघाली आणि पुढे 'रस्ता तिथे एसटी' हे आपण इतक्या वेळा वाचलं की तो निसर्गनियम वाटू लागला. रस्ता तर अजून आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, सगळंच थांबलं, तशी आमची गाडीही थांबली. नंतर दुपारची एक फेरी काही दिवस आली. वस्तीला मात्र परत कधी राहिली नाही. शेवटची कधी आली होती ते कुणाला नक्की आठवत नाही. काकी म्हणते मंगळवार होता, कारण तिच्याकडे पाळी होती.

काकी आता अठ्ठ्याहत्तरची. वरच्या वाडीतल्या नऊ घरांपैकी एक तिचं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला, मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात. माझी जाऊ तर अर्ध्या तिकिटावर पंढरपूर, कोल्हापूर, गणपतीपुळे सगळं करून आली. दोन्ही योजना चांगल्या आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण काकीला त्या फुकटच्या गाडीपर्यंत पोचायला फाट्यापर्यंतची रिक्षा लागते आणि रिक्षावाला जायचे दोनशे, यायचे दोनशे घेतो. तोही काय करणार, परतीला त्याला भाडं नसतं. रक्तदाबाची गोळी दीडशेची, ती आणायला चारशे. म्हणून ती गोळ्या एकदम तीन महिन्यांच्या आणते आणि संपत आल्या की एक दिवसाआड घेते. मी रागावले. ती म्हणाली, "बाय, गाडी व्हती तवा मी कदी आजारी पडले का सांग." याला उत्तर नाही. ती पडायची आजारी, पण दुसऱ्या दिवशी सहाला निघून साडेआठला दवाखान्याच्या दारात असायची.

डोंबिवलीहून निघून दिव्याला पॅसेंजर पकडायची आणि संगमेश्वर रोडला उतरायचं. तीनशे किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून मी झोपेत करते. शेवटच्या नऊ किलोमीटरना मात्र दोन दिवस आधीपासून फोन करावे लागतात. कोण न्यायला येईल, कुणाची गाडी मोकळी आहे, अमक्याचा मुलगा त्या बाजूने येणार आहे का.

गेल्या गणपतीत मंडळाने जादा गाडी ठरवली होती. नालासोपाऱ्याहून थेट गावात, गट आरक्षणाची. चतुर्थीच्या दोन दिवस आधी मी काकीकडे होतेच. रात्री नऊच्या पुढे खिंडीत हॉर्न वाजला. काकी चुलीपुढे होती. तिने सवयीने जाळ मागे ओढला, मग माझ्याकडे बघून ओशाळं हसली.

आम्ही टॉर्च घेऊन खाली गेलो. गाडी सहाणेपाशी येऊन अडकली होती. पाच वर्षांत तिथे टाकळा माजला होता, कुणीतरी जांभ्या दगडाचे चिरे रचून ठेवले होते आणि पिंपळाची फांदी इतकी खाली आली होती की टपाला घासत होती. पूर्वी पावसाळा सरता सरता सगळ्या वाड्या मिळून गाडीच्या वाटेवरच्या फांद्या तोडत. ते काम कधी थांबलं, माहीत नाही. ड्रायव्हर तरुण, मराठवाड्याकडचा, आमच्या घाटीत पहिल्यांदाच आलेला, चांगलाच घाबरलेला. मुंबईहून आलेली पोरं मोबाइलच्या उजेडात "आन दे, आन दे" करत होती आणि जो तो वेगळीकडे हात दाखवत होता. शेवटी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढे आले. सहाणेच्या डाव्या अंगाला दगडात एक खूण आहे, मागचं चाक तिथे लागलं की पुढचं तोंड आपोआप फिरतं. चिरे हलवले, फांदी दोघांनी वर धरली आणि दोन हिसक्यांत गाडी फिरली. टाळ्या वाजल्या.

गाडीतून साठेक माणसं उतरली असतील. अर्ध्या तासात वाड्यावाड्यांत दिवे लागले.

ड्रायव्हर गाडीतच झोपणार होता. काकीने त्याला वर बोलावलं, पाटावर बसवलं, भात आणि पिठी वाढली. तो म्हणाला, "आजी, डबा आहे माझा." काकी म्हणाली, "आज पाळी माजी हाय." त्याला ते कळलं नाही, पण तो जेवला. पहाटे सहाला रिकामी गाडी परत नेणार असल्याचं त्याने जेवताना सांगितलं.

"रिकामी कशाला?" काकी म्हणाली. "मी येते की फाट्यापत्तुर. गोळ्या आनायच्यात, आन् गनपतीचा बाजार बी ऱ्हायलाय."

पहाटे मी तिला सोडायला खाली गेले तेव्हा ती आंघोळ करून, नवं लुगडं नेसून आधीच गाडीत बसलेली होती, ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी. तिच्या मागे सगळी आसनं मोकळी. जादा गाडीला कंडक्टर नव्हता. काकीने प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड काढून, दाखवायला म्हणून, हातात धरून ठेवलं होतं.